लियम कनिंगहॅमचं काम बघ

सांगली

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. उमरगावच्या सेटवर दिवसभर मुकुट घालून दरबारात उभं राहायचं, चार वाक्यं बोलायची आणि घरी यायचं, यात आपलं काय, असं तू विचारलंयस. फोनवर भागलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय. मला तुला लियम कनिंगहॅमबद्दल सांगायचंय. 'गेम ऑफ थ्रोन्स' या इंग्रजी मालिकेतला दावोस सीवर्थ, तोच.

हा डब्लिनचा माणूस, जन्म १९६१चा, पेशाने वायरमन. ऐंशीच्या दशकात झिम्बाब्वेला जाऊन तिथल्या ह्वांगे अभयारण्यात विजेची देखभाल करत काही वर्षं राहिला. परत आल्यावर अभिनयाच्या वर्गात नाव घातलं. पुढे वीसेक वर्षं लहानमोठी कामं. दावोस हाती आला तो २०१२ला, मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये, पन्नाशी उलटताना. तिथे राजे पटापट मरत होते. हा २०१९ला मालिका संपेपर्यंत टिकला.

दावोस मूळचा तस्कर. वेढ्यात अडकलेल्या किल्ल्यात त्याने कांदे पोचवले म्हणून स्टॅनिसने (हाच पुढे राजेपदावर हक्क सांगतो) त्याला सरदार केलं, आणि जुन्या तस्करीची शिक्षा म्हणून त्याच्या बोटांची टोकंही तोडली. तरी हा त्याच्याशीच एकनिष्ठ. आता हे वाक्यावाक्याने कुठवर सांगणार? कनिंगहॅम ते ऐकण्यातून सांगतो. दुसरा बोलत असताना त्याच्या चेहऱ्यावर बघ: मान्य नाही, पण मालक आहे, काळजी आहे, पण बोलायची वेळ अजून आली नाही. समोरच्याचं वाक्य त्याच्यामुळे वजनदार होतं.

तिसऱ्या सीझनमधला कोठडीचा प्रसंग मुद्दाम काढून बघ. दावोसला लिहिता-वाचता येत नाही. स्टॅनिसची छोटी मुलगी शिरीन गजांपलीकडे बसून त्याला अक्षरं शिकवते. त्याला लाज वाटते, मग मजा वाटायला लागते. पुढे त्याच मुलीला जिवंत जाळतात, तेव्हा हा तिथे नसतो. सहाव्या सीझनमध्ये त्याला राखेत लाकडी हरणाचं अर्धवट जळालेलं खेळणं सापडतं, त्यानेच तिला दिलेलं. ते तो तिला जाळायला लावणाऱ्या पुजारणीच्या, मेलिसांद्रेच्या अंगावर फेकतो आणि आपल्या नव्या धन्यासमोर, जॉन स्नोसमोर तिला खरं सांगायला लावतो. तिथे त्याचा आवाज फाटतो. इतके सीझन दाबून धरलेला माणूस फुटतो म्हणून तो प्रसंग अंगावर येतो रे. पहिल्यापासून हातवारे केले असते तर तिथे काही उरलंच नसतं.

आणि हे त्याला मालिकेने शिकवलं नाही. २००८च्या 'हंगर' या चित्रपटात तो पाद्री आहे, समोर मायकेल फासबेंडर उपोषणाला बसायला निघालेला कैदी. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं आणि कॅमेरा न हलवता जवळपास सतरा मिनिटांचा एकच शॉट! त्यासाठी दोघं एकत्र राहिले आणि रोज पुन्हा पुन्हा तालीम करत राहिले. आपल्या नाटकवाल्यांना तर ते बघून भरून येतं.

कष्टांचं म्हणशील, तर शेवटच्या सीझनमधल्या रात्रीच्या युद्धाचं चित्रीकरण उत्तर आयर्लंडच्या थंडीत ५५ रात्री चाललं. त्यात दावोस तटावरून मशाल हलवून इशारा देतो. काम एवढंसंच. पण त्या वेळी त्याच्या डोळ्यांत खरी भीती आहे.

तू दरबारात उभा असतोस तेव्हा महाराज काय बोलतायत ते खरंच ऐकतोस का? तुझी ताकद ऐकण्यात आहे, हे मी कॉलेजपासून बघतोय, आणि म्हणूनच तू हे सोडू नयेस असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीनंतर आम्ही दोन अंकी नाटक बसवतोय. त्यातले दिवाणजी तुझ्यासाठी ठेवलेत. वाक्यं थोडी आहेत, पण दुसरा अंकभर ते रंगमंचावर आहेत. शूटिंगच्या तारखा कळव, म्हणजे तालमी त्याप्रमाणे लावतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद