पावागड सायकलनं चढायचा, पण शिरायचं कुठून?

संपादक महाशय,

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातली पोरं हल्ली रविवारी पहाटेच गिअरच्या सायकली घेऊन कालिकामातेच्या देवळाच्या पावागड डोंगराला निघतात, हायवेचा काही प्रॉब्लेम नाही, खरा घोळ पायथ्याशी चांपानेरला होतो. माचीपर्यंतच्या, म्हणजे डोंगरावर गाडीरस्ता संपतो तिथपर्यंतच्या घाटात बस-जीपची रांग, पायवाटेवर भाविकांची गर्दी, तिथं सायकल घालूच नये, नवरात्रात तर मुळीच नाही! उरतात गावाकडच्या कच्च्या वाटा, पण कुठली शेतात संपते, कुठली जंगलखात्याची, कुठली 2004 पासून जागतिक वारशात असलेल्या अवशेषांतून जाते, हे सांगणार कोण? चढाला हलका गिअर, टायरात हवा जरा कमी, एवढं आम्हाला कळतं हो. पायथ्याला एक नकाशा आणि वळणावळणावर बाणाच्या पाट्या लावा, बस्स.

– एक सायकलवाला, बडोदा