पुराचा भोंगा कुठे, कसा, कुणाच्या हातात?

मा. संपादक,

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा-मोहोळकडच्या कितीतरी वस्त्यांची बेटे केली. अशा वेळी धोका नको म्हणून आधी वीज तोडली जाते. मग काही तासांत मोबाईल टॉवरची बॅटरी बसते आणि रस्ताच पाण्याखाली असल्याने डिझेलही पोचत नाही. मोबाईलवरचा इशारा चांगलाच, पण तो पहिल्या काही तासांपुरता. जानेवारी २०२२ मध्ये समुद्रातल्या ज्वालामुखीने टोंगाची एकुलती आंतरराष्ट्रीय केबल तोडली, ती जोडायला पाच आठवडे गेले. एकाच तारेवर मदार ठेवली की असेच होते.

म्हणून टॉवरवर अवलंबून नसलेल्या वायरलेस रेडिओ संचावर चालणारा भोंगा हवा. पण ग्रामपंचायतीवर एक मोठा भोंगा चढवून भागत नाही. एक मीटरवर १२० डेसिबल असलेला आवाज उघड्या माळावरही किलोमीटरभर अंतरावर जेमतेम ६० उरतो. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तो कुणाच्या कानावर पडणार? त्यापेक्षा वस्तीगणिक छोटे कर्णे लावावेत.

बॅटरीचा हिशेबही नीट करावा. १०० वॉटचा ॲम्प्लिफायर १२ व्होल्टवर पूर्ण आवाजात साधारण १२ अँपिअर घेतो, म्हणजे दहा मिनिटांना दोनच अँपिअर-तास. खरी खादाडी वायरलेस संचाची. नुसता ऐकत बसला तरी अर्धा अँपिअर धरा, दिवसाला १२ झाले. सोलर पॅनेल असले तरी चार ढगाळ दिवसांत ४८ गेले. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून १०० अँपिअर-तासांपेक्षा कमी घेऊ नये. ती तळमजल्यावर तर मुळीच नको. आणि उंदीर वायर कुरतडतात, तेव्हा वायर पाइपातूनच न्यावी. खोलीची किल्ली एकट्या शिपायाकडे असणे हा नेहमीचा घोळ. एक पोलीस पाटलाकडे, एक कोतवालाकडे असावी.

इशारा नदीच्या वाटेने खाली यावा. चांदणी, खासापुरी धरणांचे पाणी परंड्यातून, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातून सुटते. निरोप दोन जिल्ह्यांची कार्यालये फिरून आला तर पाणीच आधी पोचायचे. धरणावरच्या वायरलेसचा निरोप काठच्या सगळ्या गावांना एकदम ऐकू यायला हवा.

आणि निरोपात नुसता ‘इतके हजार क्युसेक’ नको. पुलाच्या खांबावर जुन्या पुरांच्या खुणांवरून पट्टे रंगवा: पिवळ्याला पाणी लागण्याआधी नदीतल्या पाण्याच्या मोटारी वर काढा, जनावरे सोडा, लाल पट्ट्याआधी वस्ती रिकामी. पाणी चढू लागल्यावर मोटार काढायला नदीत उतरणे, सर्वांत घातक ते हेच. त्यामुळे कोणता पट्टा किती वाजता बुडेल, हेच भोंग्यावरून सांगावे.

दरमहा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी भोंगा वाजवून पाहावा आणि देखभालीचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला ग्रामसभेचा ठराव लागू नये.

– एक वाचक, सोलापूर