पुढच्या खेपेला थंडीत या

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई दोनदा तेच म्हणाली, "एवढ्या बर्फात मुद्दाम फिरायला कशाला जायचं?" आवाज सारखा तुटत होता, त्यामुळे धड उत्तर देता आलं नाही. म्हणून बुटाखाली स्नोशू बांधून आम्ही बर्फात चालायला गेलो होतो, त्या सहलीबद्दल सविस्तर लिहितेय. त्यात माझा एक स्वार्थही आहे, तो पुढे येईलच.

आम्ही उतरलो ते हॉटेल नव्हतं. गावाबाहेर, शेतांच्या कडेला जुनं लाकडी घर. मालक नवरा-बायको तिथेच राहतात आणि वरच्या खोल्या पाहुण्यांना देतात. मुक्काम आणि सकाळचा नाश्ता एवढं त्यांच्याकडे, बाकीच्या जेवणाचं आपलं आपण बघायचं. नाश्ता ठरल्या वेळी, सगळ्यांचा एकाच टेबलावर. बाबा, तुम्ही तिथे सगळ्यांच्या आधी हजर असाल याची मला खात्री आहे. दारातून आत शिरल्याशिरल्या एक छोटी खोली लागते, ओले बूट-मोजे वाळत घालायला. ही खोली नसेल तर अशा सहलीचा दुसरा दिवस वाया गेलाच म्हणून समजा. आणि मालकीणबाई रोज सकाळी खिडकीतून नुसतं बघून सांगायच्या, की आज रानातली वाट बरी, उघड्यावर वारा लागेल. मोबाइलवरच्या हवामानापेक्षा त्यांचं जास्त खरं निघालं.

आता मुद्द्याचं. स्नोशू म्हणजे आपल्याच बुटाखाली पट्ट्यांनी बांधायची एक लांबरुंद चौकट. अंगाचा भार मोठ्या जागेवर पसरतो, म्हणून जिथे नुसत्या बुटाने मांडीपर्यंत रुतायला होईल तिथे पाय थोडासाच खाली जातो. पुढचा पाय पट्ट्यात घट्ट, टाच मात्र मोकळी. चवड्याखाली धातूचे दात असतात, ते चढावर बर्फात रुततात. हल्ली चौकटी अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या असतात. जुन्या लाकूड वाकवून केलेल्या, आत कच्च्या चामड्याच्या वाद्यांची वीण. त्या घराच्या जिन्यात तशी एक जोडी टांगलेली होती, मी बराच वेळ ती वीणच बघत उभी होते.

बाबांसाठी खास माहिती: २००३ साली इटली-ऑस्ट्रियाच्या सीमेवर आल्प्समध्ये, ३,१३४ मीटर उंचीवरच्या हिमनदीत बर्चच्या फांदीचा एक स्नोशू सापडला. तपासणीत तो इसवी सनापूर्वी ३८०० ते ३७०० या काळातला निघाला. उत्तर अमेरिकेतल्या मूळ जमातींनी तर जमिनीप्रमाणे आकार ठरवले होते. मोकळ्या मैदानासाठी लांबट, दाट झाडीत सहज वळता यावं म्हणून आखूड आणि गोल. म्हणजे हौसेसाठी कोणी शोधून काढलेली ही गोष्ट नव्हे. हिवाळ्यात शिकारीला जायचं, तर दुसरा इलाजच नव्हता.

शिकायला वेळ लागत नाही. पाय जरा फाकवून चालायचं, एवढं जमलं की झालं. फक्त मागे पाऊल टाकायचं नाही, कारण चौकटीची शेपटी बर्फात रुतते. वळायचं तर सावकाश मोठा वळसा घ्यायचा. तुमच्या जावयांना हे नीट सांगितलेलं होतं. तरी माझा फोटो काढायला म्हणून दोन पावलं मागे सरले आणि थेट बैठक मारली. लागलं काहीच नाही, पण भुसभुशीत बर्फात हात टेकावा तर हातही खोल जातो. शेवटी दोन्ही काठ्या आडव्या टाकल्या, त्यांच्यावर भार दिला आणि स्वारी उठली. फोटोत अर्थातच फक्त आभाळ आलंय.

आई, थंडीचं विचारतेस ना? चालताना थंडी वाजत नाही, उलट घाम येतो आणि खरा घात तोच करतो. सुती कपडा घामाने भिजला की अंग गार पडतं, म्हणून आतून लोकरीचं घालायचं. बाहेर पडताना किंचित गारठा जाणवला पाहिजे. दारातच ऊब वाटली तर एक थर जास्त झालाय. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठायला लागतं. उलटी ठेवली की तोंड मोकळं राहतं. आणि काळा चष्मा हवाच. ताज्या बर्फावरून ऊन इतकं परततं, की माझी हनुवटी खालच्या बाजूने भाजली!

एका जुन्या दगडी कुंपणाजवळ उंदराची पावलं दिसली. इवल्या ठशांच्या दोन रांगा आणि मधोमध शेपटीची बारीक रेघ. रेघ सरळ गेली आणि करंगळीएवढ्या भोकात संपली. मालकीणबाई म्हणाल्या, तो खाली असेल, मजेत. जाड बर्फाखाली जमिनीलगत पोकळी राहते आणि वर कितीही कडाका असला तरी तिथलं तापमान शून्याच्या आसपासच टिकतं. घुबडाला आणि कोल्ह्याला त्याची चाहूल वरूनच लागते, ते मात्र त्यांनी हळूच सांगितलं.

आता माझा स्वार्थ. तुम्ही दरवेळी उन्हाळ्यात येता. पुढच्या खेपेला थंडीत या. सपाट, मळलेल्या वाटेवर तासभर चालायचं, त्याहून जास्त काही नाही. बाबा, गुडघ्यांचं लपवत नाही. चढ सोसवेल, उतारावर त्रास होईल, म्हणून उताराची वाट घ्यायचीच नाही. काठ्यांनी बराच भार हलका होतो. पण थंडीत रक्तदाब वाढतो, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारायचं आणि ते नको म्हणाले तर मी हट्ट करणार नाही. आई, तुला चालायचं नसेल तर खिडकीशी लाकडाची शेगडी आहे, तिथे विणकाम घेऊन बस. तळमजल्यावर एकच खोली आहे. जिना अरुंद आणि उभा, म्हणून तुमच्यासाठी तीच हवी. ती लवकर जाते, तेव्हा काय ते महिन्याभरात कळवा.

आणि दोघांच्या पायांची मापं पाठवा. संध्याकाळी घ्या, जाड मोजे घालून. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने आखलंत तरी चालेल.

तुमची
लेक