मोडीच्या बाईंना, दांडिया बाजार, बडोदे

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता. म्हणून हे पत्र उघड लिहितोय. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. तशी रावपुऱ्यापासून मांडवीपर्यंतची जुनी मराठी मंडळी ओळखतीलच. मोडी लिपीतला जुना कागद वाचून घ्यायचा असला तर बडोद्यात कुणाचा जिना चढायचा, हे त्यांना सांगावं लागत नाही.

मी तो जिना चढलो ते फुकट काम करून घ्यायला. पिशवीत वडिलांच्या हिशेबाच्या वह्या होत्या आणि त्या कुणीतरी मला भराभर वाचून दाखवाव्यात, एवढीच अपेक्षा. तुम्ही एक वही उघडली, दोन-चार पानं उलटलीत आणि म्हणालात, "अक्षर चांगलं आहे. तुम्हीच शिका." मला वाटलं, बाईंना टाळायचंय. कारण जमिनीचे, इनामाचे कागद घेऊन येणाऱ्यांना तुम्ही असं सांगत नाही, हे मी तिथेच बसून पाहत होतो. त्यांचा कागद तुम्ही तासाभरात वाचून, देवनागरीत उतरवून, हिशेबाने पैसे घेऊन मोकळ्या होता.

वडिलांबद्दल इथे थोडं सांगायला हवं, वाचणाऱ्यांसाठी. ते १९१८ सालचे. मराठी शाळेत मोडी शिकलेले, गायकवाडीत, म्हणजे बडोदे संस्थानात, कारकून म्हणून लागलेले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात गेलं, १९६० साली गुजरात झालं. टेबल-खुर्ची न हलवता त्यांनी तीन सरकारांची नोकरी केली. कचेरीतला कारभार बदलला, साहेब बदलले, पण घरातली रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, शेवटपर्यंत मोडीतच राहिली. १९५७ साली नवे पैसे आले त्याचाही त्यांच्या वहीवर काही परिणाम नाही. पंचवीस पैशांना एक उभी रेघ, पन्नासला दोन, पंचाहत्तरला तीन. रात्री जेवणं झाली की ते वही घेऊन बसायचे आणि आम्ही भावंडं त्यांच्या मांडीला वळसा घालून झोपायला जायचो. त्यात काय लिहितात, आम्ही कधी विचारलं नाही. आणि "हे बघ, असं लिहितात," असं तेही कधी म्हणाले नाहीत. १९९१ साली ते गेले. पुढे वाडा विकला, तेव्हा निम्म्या वह्या पस्तीवाल्याकडे, म्हणजे रद्दीवाल्याकडे, गेल्या. उरल्या त्या माझ्या माळ्यावर.

मोडी शिकायचं राहून गेलं ही एक हळहळ. तिच्यापेक्षा जुनी हळहळ वेगळी होती आणि ती मी सगळ्यांना न विचारता सांगत आलो होतो. लग्नात, बारशाला, ऑफिसच्या डब्याच्या वेळी. मला फाइन आर्ट्सला जायचं होतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं फाइन आर्ट्स, १९५० साली सुरू झालेलं, गावातच. सायकलवर टांग टाकली की पोचलो. बेंद्रे, शंखो चौधुरी, सुब्रमण्यन यांच्यासारख्या चित्रकार-शिल्पकारांनी तिथे शिकवलेलं. बेंद्रे मूळचे इंदूरचे, म्हणजे आपल्यातलेच, त्यामुळे चित्रातलं काही न कळणाऱ्या आमच्या नातेवाइकांनाही ते नाव माहीत. कीर्तिमंदिरातली, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकातली, नंदलाल बोसांची भित्तिचित्रं मी लहानपणी वडिलांबरोबर जाऊन पाहिली होती. गंगावतरणासमोर मी मान वर करून उभा असायचो आणि वडील मागे हाताची घडी घालून. चला, असं त्यांनी कधी म्हटल्याचं आठवत नाही.

१९७७ च्या जूनमध्ये मी प्रवेशाचा अर्ज घरी आणला. आदल्या वर्षी वडील निवृत्त झालेले, ताईच्या लग्नाचं कर्ज फिटायचं होतं. स्वयंपाकघरात आई-वडिलांचं त्यावरून बोलणं चाललेलं मी ऐकलं आणि अर्ज गादीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, मी कॉमर्सला जातो. वडील "बरं" म्हणाले. कॉमर्स झालं, एका कारखान्याच्या हिशेब खात्यात लागलो, तिथूनच निवृत्त झालो. वाईट काही झालं नाही. पण सांगायला एक चांगली गोष्ट मिळाली होती: पैसे नव्हते, म्हणून राहिलं. या गोष्टीत कुणाचाच दोष नसतो, ऐकणारा मान हलवतो.

तर शिकवणी. तुमच्या खिडकीजवळचं टेबल, दोन चष्मे, एक भिंग आणि पाठकोऱ्या गुजराती कॅलेंडरांचा गठ्ठा. पहिले काही आठवडे तुम्ही मला वहीला हातच लावू दिला नाहीत. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, मग त्या रेघांना अक्षरं लटकवायची, हात न उचलता. मला वाटायचं शिरोरेषा शेवटी देतात. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. शब्द कुठे तुटतो हे ओळखायचं असेल तर आधी तो माहीत असावा लागतो, आणि माहीत व्हायचा तर आधी तुटावा लागतो! आणि तो 'र'! शेजारी कोण आहे ते बघून रूप बदलतो. मी चिडून म्हणालो की हा 'र' आमच्या मॅनेजरसारखा आहे. तेव्हा तुम्ही हसलात, आणि मग पुन्हा एक पानभर 'र' लिहून घेतलात.

फी विचारली तर म्हणालात, येताना लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा, आणा, तिखट नको. तेवढ्यावर एवढं शिकवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

एक दिवस तुम्ही स्वतःच म्हणालात, आता वही काढा. १९६० पासून सुरुवात केली. दूध, रॉकेल, शाक. हो, शाक. मराठी माणूस, मोडी लिपी, आणि भाजीला शाक. बडोद्याबाहेरच्या मराठी लोकांना हे सांगितलं तर खोटं वाटेल. 'बाबत'चा नुसता बा, 'हस्ते'चा नुसता ह, खाली श्री शिल्लक. मला काहीतरी मोठं सापडेल असं वाटत होतं. सापडलं ते असं की आमच्या घरी दिवाळीला गूळ किती यायचा आणि कोणत्या वर्षी छत्री दुरुस्त केली. मी निराश होतोय हे तुमच्या लक्षात आलं असणार, पण धीर वगैरे काही दिला नाहीत. "हिशेबाची वही आहे," एवढंच म्हणालात. "डायरी हवी होती तर डायरी लिहिणारा बाप बघायचा होता."

मध्येच कुठे कुठे एक नोंद यायची: चि. बाळ, रंग. चि. बाळ, कागद जाड. चि. बाळ, ब्रश दोन. बाळ म्हणजे मी. हे सामान मीच हट्ट करून आणवायचो, ते आठवत होतं. पण शाळेच्या फीला वेगळं खातं नाही आणि रंगांची मात्र वर्षअखेरीस वेगळी बेरीज मारलेली, हे पाहून जरा थांबलो होतो.

१९७७ ची वही समोर आली तेव्हा तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत, चाळलीत आणि बाजूला ठेवलीत. "ही मागाहून. यातलं अक्षर फार गिचमीड आहे." मी मान्य केलं. तुम्ही सांगताय म्हणजे असेल. आम्ही १९७८ घेतलं, १९७९ घेतलं, मग मागे जाऊन १९६३. पावसाळा संपला, नवरात्र झालं.

मग एका दुपारी वही माझ्यापुढे सरकवलीत आणि स्वतः चहा करायला आत गेलात. बाई, त्या वहीतलं अक्षर सगळ्यात स्वच्छ आहे. निवृत्त माणूस, वेळ भरपूर, एकेक अक्षर मोजून काढलेलं.

जून महिना. बोट ठेवून वाचत होतो. ताईच्या सासरी पाठवलेला आहेर, व्याज, दूध. मग: चि. बाळ, बा। चित्रशाळा फी, अलाहिदा ठेविले, रुपये ३००. अलाहिदा म्हणजे वेगळे. मी 'चित्रशाळा' दोनदा वाचला, कारण त्यातल्या 'त्र'वर माझा विश्वास बसेना. मग पुढचं पान, मग त्याच्या पुढचं. जुलैच्या शेवटी: अलाहिदा पैकी परत जमा, रुपये ३००. खाली रोजच्यासारखं दूध, शाक, श्री शिल्लक.

तुम्ही चहा घेऊन बाहेर आलात तेव्हा मी काही बोललो नाही. तुम्हीही कप ठेवलात आणि बसून राहिलात.

नंतर मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? तुमचं उत्तर मी घरी आल्यावर लिहून ठेवलं आहे: "पहिल्याच दिवशी ती वही हाताला लागली होती. तेव्हा तुम्हाला 'र' ओळखता येत नव्हता. मी वाचून दाखवलं असतं तर ते तुम्ही माझ्या आवाजात ऐकलं असतं."

या पत्राचं कारण हे वाक्य. अनोळखी माणूस पिशवी घेऊन येतो, त्याच्या आयुष्यातली एक ओळ तुम्हाला दिसते, आणि ती त्याला स्वतःला वाचता यावी म्हणून तुम्ही कित्येक महिने त्याच्याकडून बाराखडी घोटवून घेता. वर अक्षर वाईट असल्याची थापही मारता. दुसरं कुणी असतं, मी स्वतः असतो, तर लगेच सांगून टाकलं असतं. चांगली बातमी देण्याचा मोह कुणाला आवरतो? आणि ही तर चांगली आहे की वाईट तेही नक्की नाही.

कारण खरं सांगायचं तर ती ओळ वाचून माझी हळहळ कमी झाली नाही. पैसे नव्हते म्हणून राहिलं, हे आता म्हणता येत नाही. पैसे वेगळे काढलेले होते. वडील विचारण्याची वाट बघत होते की मी विचारावं अशी त्यांची इच्छाच नव्हती? ताईच्या कर्जाचा हप्ता चुकवून काढले होते का? "बरं" म्हणताना त्यांना हायसं वाटलं की वाईट? हे सगळे प्रश्न मी तुमच्यावर ओतले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, "अहो, त्यांचं तुमच्यावर केवढं प्रेम होतं." तुम्ही तसं म्हणाला नाहीत याबद्दल तर वेगळे आभार. तुम्ही म्हणालात, "हिशेबाच्या वहीत माणूस किती, केव्हा आणि कुणाला एवढंच लिहितो. का ते लिहीत नाही. तुम्ही हिशेब खात्यात होतात, तुम्ही लिहीत होतात का?"

नव्हतो लिहीत.

ताईला ती नोंद वाचून दाखवली. ती आता सुरतेला असते, फोनवरच. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की त्या वर्षी नानांनी, म्हणजे वडिलांनी, त्यांचं घड्याळ विकलं होतं, ते माझ्या लग्नासाठी असं मी आजवर धरून चालले होते. घड्याळाची नोंद त्या वहीत असेलच. मी ती अजून शोधलेली नाही. शोधीन. घाई नाही.

पुष्कळ जणांनी सुचवलं की आता तरी ब्रश हातात घ्या, फाइन आर्ट्सच्या मेळ्यात जा, क्लास लावा. हौस म्हणून घेतीलही लोक, चांगलंच आहे. मला तसं वाटत नाही. अठराव्या वर्षी जे करायचं होतं ते त्या वयाच्या पोराला करायचं होतं आणि त्याला ते मिळालं नाही. त्याच्या वाटणीचं मी आता खाऊन काय होणार? ते गेलं. गेलं असं म्हणायला मला तुमच्या टेबलापाशी जमलं, हेही लिहून ठेवतो. त्याऐवजी मला मोडी येते. तीही अर्धवट.

अजून एक. हे वाचणाऱ्या कुणाच्या माळ्यावर अशा वह्या असतील तर पस्तीवाल्याला देण्याआधी एकदा बाईंकडे, म्हणजे तुमच्याकडे, आणा. परवानगी न घेता लिहितोय. रागवाल, पण कागद आले की तुमचाच चेहरा खुलतो.

आता कामाचं. पादरा गावचे ते गृहस्थ इनामाचा कागद घेऊन परत येऊन गेले, तुम्ही ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतात तेव्हा. तिसऱ्या ओळीतला आकडा तुम्ही साडेबारा सांगितला होता. मी भिंगाखाली पाहिला, मला सव्वाबारा दिसतो. दुसरी रेघ म्हणजे कागदाची घडी असावी. त्यांना काही सांगितलेलं नाही, तुम्ही बघितल्याशिवाय सांगणार नाही. मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी वाकून वाचायला मना केलंय, तेव्हा गुरुवारी मी येऊन मोठ्याने वाचतो, तुम्ही आरामखुर्चीतून ऐका. अडलो तर सांगा. चेवडा आणतोय, तिखट नाही.

आपला विद्यार्थी,
बाळ