दयाळाला गाणे शिकावे लागते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील वसंतावरच्या लेखात ‘कोकिळेप्रमाणे सर्वच गाणारे पक्षी गाणे जन्मतः घेऊन येतात’ असे विधान आहे. मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले, म्हणून लिहिल्यावाचून राहवले नाही.

आधी कोकिळेचे. कुहू कुहू करतो तो नर. कावळ्याच्या घरट्यात वाढूनही तो कावकाव करत नाही, तेव्हा त्याचा आवाज उपजत, हे बरोबरच. पण शास्त्रज्ञ ज्यांना गायक पक्षी म्हणतात त्या गटात कोकीळ येतच नाही. दयाळ, चिरक, बुलबुल येतात. या गटातल्या पिल्लांना गाणे ऐकून, घोकून शिकावे लागते.

माझ्याकडे झेब्रा फिंचची जोडी आहे. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा. त्यांचे नर पिल्लू महिन्याचे झाले तेव्हा डोळे मिटून नुसते किरकिरायचे. तीन महिन्यांचे होईतो ती किरकिर हुबेहूब बापाच्या वळणावर गेली. आता मादी समोर आली की हा गडी पिसे फुलवतो, दांडीवर उड्या मारत तिच्याकडे सरकतो, दोन-चार बारीक टिपटिप सूर लावतो आणि मग तीच एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो.

ही ओळ मेंदूत कुठे असते, याचा माग 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फर्नांडो नॉटेबोम आणि सहकाऱ्यांनी कॅनरी पक्ष्यांत काढला. गाण्याची वेगळी केंद्रे सापडली आणि ती मादीपेक्षा नरात कितीतरी मोठी निघाली. एचव्हीसी नावाचे केंद्र गाण्याची लय सांभाळते. तिथून आज्ञा आरए या केंद्रामार्फत श्वासनलिका दुभंगते तिथल्या स्वरयंत्रापर्यंत पोचतात. 2008 मध्ये मायकेल लाँग आणि मिशेल फी यांनी झेब्रा फिंचचे एचव्हीसी काही अंशांनी थंड केले, तर सगळे गाणे संथ झाले, सूर मात्र बिघडले नाहीत! आरए थंड केल्याने लय जवळजवळ हलली नाही. इतका साधा, इतका नेमका प्रयोग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

एलमॅन हे तिसरे केंद्र मला सर्वांत मोलाचे वाटते. पिल्लाचे एलमॅन निकामी केले तर त्याचे गाणे अर्धवटच गोठते. मोठा नर एकटा गातो तेव्हा हेच केंद्र सुरांत बारीकसारीक बदल करत राहते. मादी समोर आली की ते बदल कमी होतात, ओळ घट्ट होते. आपल्या कानाला हा फरक सहसा कळत नाही, ध्वनिमुद्रण मोजले की दिसतो.

दयाळाच्या विणीचा हंगाम सुरू झाला आहे. मुले पहाटे त्याला ऐकतील आणि पुरवणीतले वाक्य खरे मानतील. येत्या रविवारी कृपया दुरुस्ती छापावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा