प्राधान्यक्रमाचा आराखडा तपासून देणाऱ्या ताईंना

ताई,
स. न. वि. वि.

रावेर-सावदा पट्ट्यातल्या केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये आणि कोल्ड स्टोरेजमध्ये जो गेटवे (तिथली उपकरणं इंटरनेटला जोडणारी पेटी) बसतो, त्याच्या नेटवर्क ड्रायव्हरला कोणतं पॅकेट आधी सोडायचं हा प्राधान्यक्रम ठरवण्यासाठी कर्नल इंटरफेस हवा होता, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला सूचना देण्याची ठरलेली वाट. त्याचा आराखडा आणि पॅच (कोडमधले बदल) तुम्ही स्वतःची नोकरी सांभाळून ओळ न् ओळ वाचलेत. फोनवर आभार मानूनही भागलं असतं. पण तुमचे शेरे धुळे-जळगावकडच्या इतर एम्बेडेड लिनक्सवाल्यांच्याही कामाचे आहेत, म्हणून हे पत्र उघड.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, "नवं काही लागतं तरी का?" सॉफ्टवेअरमधल्या रांगांसाठी लिनक्सचं टीसी हे साधन आणि त्याचे क्यूडिस्क (रांग लावण्याच्या पद्धती) आहेत, हार्डवेअरच्या रांगा वाटायला एमक्यूप्रायो आहे, डीएससीपीवरून (पॅकेटवरच्या प्राधान्याच्या खुणेवरून) प्राधान्य ठरवायला डीसीबीचं ॲप टेबल आहे. हे सगळं नेटलिंकवरून, म्हणजे प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातल्या संदेशांवरून चालतं. ड्रायव्हरपुरत्या चार सिसएफएस फाइली (ज्यांत आकडा लिहून सेटिंग बदलतात) टाकणं सोपं असतं, पण इंटरफेस एकदा बाहेर पडला की तो मागे घेता येत नाही. कुणाची तरी स्क्रिप्ट त्यावर उभी राहिलेली असते. शिवाय एका फाइलीत एक आकडा हा सिसएफएसचा शिरस्ता इथे मुळातच बसत नाही. ईटीएस या टक्क्यांनी वाटप करण्याच्या पद्धतीत बँडविड्थ वाटून घेणाऱ्या वर्गांच्या टक्क्यांची बेरीज १०० भरावी लागते. ५०-५० चं ७०-३० करायचं आणि दोन फाइलींत वेगवेगळं लिहायचं, तर मधल्या क्षणी बेरीज १२० किंवा ८० होणारच. ड्रायव्हरने ते नाकारलं तर बदल कधीच होणार नाही, स्वीकारलं तर हार्डवेअरमध्ये चुकीचं वाटप जाईल. अख्खा तक्ता एकाच संदेशात यावा, पूर्ण तपासावा आणि मगच हार्डवेअरच्या रजिस्टरला हात लावावा, हा तुमचा आग्रह आता कोडमध्ये आहे. कडक प्राधान्याच्या वर्गाला टक्का शून्य, हेही त्याच तपासणीत.

दुसरा शेरा आकड्यांच्या दिशेचा. प्रायो क्यूडिस्कमध्ये बँड (रांग) ० सर्वांत आधी सुटतो. एचटीबीच्या (वेग बांधणाऱ्या क्यूडिस्कच्या) वर्गातही लहान आकडा वरचढ. व्हीलॅन टॅगच्या (इथरनेटच्या फ्रेमवरच्या खुणेच्या) प्राधान्याच्या ३ बिटांत मात्र ७ सर्वांत वर, आणि त्यातही १ हा ० च्या खाली, कारण १ म्हणजे पार्श्वभूमीची वाहतूक. नुसतं 'प्रायॉरिटी' नाव दिलं तर वापरणारा निम्म्या वेळा उलटं भरणार. म्हणून पॅकेटचं प्राधान्य, ट्रॅफिक क्लास आणि हार्डवेअरची रांग ही तीन नावं वेगळी ठेवायची, आणि मोठा आकडा वर की खाली हे दस्तऐवजाच्या पहिल्याच ओळीत लिहायचं. एमक्यूप्रायोचा नकाशा १६ घरांचा असतो; पॅकेटच्या प्राधान्याचे खालचे ४ बिटच तो पाहतो.

सगळ्यांत मोलाचा शेरा डीएससीपीचा, कारण तिथे सगळं बरोबर दिसतं आणि तरी फोनचा आवाज तुटतो. आयपीव्ही४ चं पॅकेट पुढे पाठवताना कर्नल टॉस बाइटवरून (ज्यात डीएससीपी बसतो त्या बाइटवरून) प्राधान्य काढतो ते जुन्या पद्धतीने: वरचे ३ बिट सोडूनच देतो. फोनच्या आवाजाला आपण ईएफ, म्हणजे डीएससीपी ४६ लावतो. त्याचा बाइट १८४. जुन्या तक्त्यातून त्याचं प्राधान्य निघतं ४, आणि पीफिफो-फास्ट या तीन बँडच्या साध्या क्यूडिस्कमध्ये ते जातं बँड १ ला, म्हणजे साध्या वाहतुकीच्याच रांगेत! व्हिडिओचा एएफ४१ तर प्राधान्य २ घेऊन बँड २ ला, साध्या वाहतुकीच्याही मागे. सीएस५ आणि सीएस६ या डीएससीपीच्या खुणांचे खालचे बिट शून्य, म्हणून त्यांचं प्राधान्यही शून्य. टॅग लावला म्हणजे काम झालं, असं मानणारे गेटवे आपल्याकडे कमी नाहीत. उपाय तुम्हीच सांगितलात: एनएफटेबल्समध्ये (पॅकेट गाळण्याच्या नियमांत) किंवा टीसीच्या स्केबएडिट (skbedit) या कृतीने डीएससीपी पाहून प्राधान्य स्वतः लिहायचं, तेही रांग निवडली जाण्याआधी.

मापांबद्दल तुम्ही एचटीबीचं उदाहरण दिलंत. त्यात वेगाचा रकाना ३२ बिटांचा होता, एकक बाइट प्रतिसेकंद. म्हणजे कमाल साधारण ३४.४ गिगाबिट. जलद कार्डं आली तशी २०१३ मध्ये ६४ बिटांची वेगळी ॲट्रिब्युट (नेटलिंकच्या संदेशातली नोंद) जोडावी लागली, आणि जुना रकाना तसाच राहिला. चेंबरच्या गेटवेला गिगाबिटसुद्धा भरपूर, पण रकाना पहिल्यापासून ६४ बिटांचा ठेवायला काहीच खर्च नाही. राखीव जागेत शून्याखेरीज काही आलं तर नाकारायचं. आज दुर्लक्ष केलं तर उद्या त्या जागेला अर्थ देता येत नाही, कारण जुने प्रोग्राम तिथे कचरा पाठवत बसलेले असतात. नेटलिंक अनोळखी ॲट्रिब्युट पूर्वी गुपचूप सोडून द्यायचं, कर्नल ५.२ पासून नव्या ॲट्रिब्युटसाठी कडक तपासणीची सोय आहे, ती चालू ठेवली. नकार देताना नुसता 'इनव्हॅल' (चुकीचं मूल्य) हा कोड न परतवता कर्नल ४.१२ पासूनच्या एक्स्टेंडेड ॲकमधून (नेटलिंकच्या सविस्तर उत्तरातून) कारणाचं वाक्य द्यायचं: 'टक्क्यांची बेरीज ९० आहे, १०० हवी'. मे महिन्यात यावलच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला तेवढ्या एका वाक्याने केवढा दिलासा मिळतो, ते वेगळं सांगायला नको.

वाचून परत येणाऱ्या माहितीत मागितलेलं आणि हार्डवेअरने खरंच घेतलेलं, दोन्ही दिसलं पाहिजे, हा शेराही मान्य.

आता रांग कुठे लागते त्याबद्दल. कन्नड घाटात कोंडी असताना चाळीसगावच्या चौकात रुग्णवाहिकेला वाट करून देऊन काय उपयोग? गेटवेचं पोर्ट १ गिगाबिटचं आणि पुढच्या मोडेमचं अपलोड २ मेगाबिटचं असेल, तर रांग मोडेममध्ये लागते आणि आपला प्राधान्यक्रम रिकामा बसतो. मोडेममध्ये पूर्ण आकाराची १००० पॅकेट साचली तर ती निघायलाच ६ सेकंद. म्हणून एचटीबीने वेग १.८ ते १.९ मेगाबिटवर बांधायचा, म्हणजे रांग आपल्या ताब्यात येते, आणि वर्गांच्या झाडाच्या प्रत्येक पानावर (शेवटच्या वर्गावर) एफक्यू-कोडेल हा रांग आखूड ठेवणारा क्यूडिस्क लावायचा. एवढं करूनही, तारेवर निघालेलं मोठं पॅकेट अर्ध्यात थांबवता येत नाही. २ मेगाबिटवर त्याचे ६ मिलिसेकंद धरूनच चालायचं. एचटीबीला डीफॉल्ट वर्ग दिला नाही तर न ओळखलेली वाहतूक बंधनाशिवाय सुटते; आकडेवारीतला 'डायरेक्ट पॅकेट्स' हा काउंटर चढताना दिसला की समजावं. आणि डीफॉल्ट म्हणून सर्वांत खालचा, चिमूटभर वेगाचा वर्ग दिला, तर एआरपी (शेजारच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता विचारणारे संदेश) त्यात अडकून कॅमेऱ्याच्या गर्दीत अख्खी लिंक मेल्यासारखी वाटते. एआरपीसाठी वेगळा फिल्टर हवाच.

येणाऱ्या वाहतुकीची बाजू अजून बाकी आहे. आयएफबी या आभासी नेटवर्क कार्डावर वळवून तिथे एचटीबी लावायचा असा विचार आहे. व्हेथची (एकमेकांना जोडलेल्या आभासी कार्डांची) जोडी दोन नेमस्पेसमध्ये (एकाच यंत्रावरच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) ठेवून चालणाऱ्या चाचण्या पॅचसोबतच पाठवतो. या वेळीही लाल शाई हात राखून वापरू नका.

आपले कृतज्ञ,
गेटवेच्या ड्रायव्हरवर काम करणारे सगळे, जळगाव