ताईच्या लग्नाला जाऊ नकोस

प्रिय मित्रा,

विद्यापीठात संशोधकाची जागा मिळाल्याचं वाचून डोळे भरून आले. तू किती सोसलंस ते मी पाहिलंय. पण शेवटी तू लिहिलंयस, "एच-वन-बी वर्क व्हिसाचा अर्ज गेला की ताईच्या लग्नाला आठ दिवस जाऊन येतो." त्या ओळीपाशी पोटात गोळा आला.

जाऊ नकोस.

तू ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, अमेरिकेतच आहेस, म्हणून विद्यापीठ तुझं स्टेटस विद्यार्थ्याचं बदलून एच-वन-बीचं करून मागणार. निकालाआधी देश सोडलास तर ती मागणीच सोडून दिली असं धरतात. मग वकिलातीतून व्हिसा घेऊन परतायचा रस्ता उरतो, आणि 2025च्या सप्टेंबरमधल्या आदेशाने बाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर लावलेत. विद्यापीठांनाही त्यातून सरसकट सूट नाही. एका संशोधकासाठी कुठला विभाग एवढे पैसे काढेल?

लॉटरीची धास्ती मात्र सोड. वर्षाला 65,000 आणि अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यापुढे शिकलेल्यांसाठी आणखी 20,000 एवढेच नवे एच-वन-बी मिळतात, म्हणून लॉटरी निघते; पण ही मर्यादा विद्यापीठांना लागू नाही. अर्ज बाराही महिने करता येतो. पण ही सवलत विद्यापीठाची आहे, तुझी नव्हे. पुढे कंपनीत जायचं ठरवलंस तर लॉटरीत उभं राहावंच लागेल.

आधी कामगार खात्याकडे पगाराचा अर्ज जातो, त्याला 7 कामाचे दिवस लागतात. माझ्या वेळी त्याची नोटीस कॉफी मशीनशेजारच्या फळ्यावर लागली होती. नाव नव्हतं, पण पद, ठिकाण, पगार सगळं होतं. दहा दिवस मी तिथून मान खाली घालून जायचो. उगाच! त्या कामाला त्या भागात मिळतो त्यापेक्षा कमी पगार मला देता येऊ नये, म्हणूनच तो कागद लागतो.

एच-वन-बीचा मुख्य अर्ज प्रीमियमने, म्हणजे लवकर निकालासाठी जादा फी भरून, पाठवा, असं विभागाला आजच सांग. मग 15 कामाच्या दिवसांत मंजुरी, नकार किंवा जादा कागदांची मागणी, काहीतरी हाती येतं. लग्नाआधी मंजुरी आली तरी परतताना पासपोर्टवर नवा व्हिसा स्टॅम्प लागेलच, आणि त्यासाठीच्या वकिलातीतल्या अपॉइंटमेंटचा भरवसा धरू नकोस.

माझा अर्ज अडकला होता तेव्हा आजी गेली. मी जाऊ शकलो नाही. ते अजून सलतं, म्हणून हे लिहिताना हात जड झालाय. तरीही सांगतो, थांब.

ताईला सांगणं तुला जमणार नाही, मला ठाऊक आहे. रविवारी मी तिला फोन करतो. तू फक्त हो म्हण.

तुझाच,
जुना रूममेट